डिनरची हाक

अप्पा,

परवा देवगाव फाट्यावर एसटी थांबली आणि समोरच्या धाब्याच्या पाटीवर तुम्ही दिसलात. फोटोबिटो नव्हे, तुमचा फोटो धाब्यावर कोण कशाला लावेल? लाल अक्षरांत नुसतं लिहिलं होतं, 'लंच व डिनरची उत्तम सोय'. त्यातलं लंच डोळ्यांनी वगळलं आणि मी डिनरवर जाऊन अडकले. बाकीची माणसं खाली उतरून भजी खात होती, आणि मी, दोन वर्गांना इंग्रजी शिकवणारी, केस पिकायला लागलेली बाई, खिडकीला डोकं टेकून रडत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं वो ताई? बस लागायलीय का?" मी मान हलवून हो म्हणाले. बस लागली हे सांगणं सोपं होतं. धाब्याची पाटी वाचून बाप आठवला असं सांगितलं असतं, तर तिनं कंडक्टरला हाक मारली असती. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन इतका काळ लोटला की तेव्हा रांगत असलेली तुमची नात आता पुण्याला हॉस्टेलात राहते.

बोरीचं आपलं घर मला अजून आवाजांवरूनच आठवतं. पुढं दुकान, मागं घर, आणि मधलं ते बुटकं दार, ज्याला तुमचं कपाळ महिन्यातून एकदा तरी आपटायचंच. त्या दारात उभं राहून माय हाक मारायची. तिचा एक कायदा होता: बोलावल्याशिवाय कुणी पाटावर बसायचं नाही. भूक लागली, उशीर झाला, पाहुणा आला, काहीही असो. गळ्यातल्या लिंगाची पूजा होऊन अन्न त्याला दाखवलं की ते जेवण राहत नाही, प्रसाद होतो, आणि प्रसादाला बोलावणं यावं लागतं. आपल्या हातानं घेऊन बसणं म्हणजे तिच्या लेखी चोरीच. मी एकदा चुलीपुढून गरम भाकरीचा पापुद्रा उचलला, तर हातावर चिमटा आणि वर दिवसभर न बोलण्याची शिक्षा मिळाली होती. न बोलण्याची शिक्षा तिलाच जड गेली, संध्याकाळी तिनंच मला लाडू दिला, ही गोष्ट वेगळी.

ती हाक मला आत्ताही ऐकू येते. "प्रसाद वाढलाय, या वो." शेवटचा 'वो' ती लांबवायची नाही, जरासा वर उचलायची आणि तिथंच सोडून द्यायची. तुमच्या हातात तराजू असायचा, समोर गिऱ्हाईक असायचं, आणि तुम्ही मान न वळवता विचारायचात, "इजाजत हाय का?" ती म्हणायची, "हाय, हाय, या आता, गार व्हायलाय." रोज तेच. दोन्ही वेळा तेच. गिऱ्हाईकांनासुद्धा पाठ झालं होतं; एखादा म्हातारा तर तुमच्या आधीच म्हणायचा, "शेटजी, इजाजत आलीया, जावा." तुम्ही दोघं एकमेकांशी प्रेमाचं म्हणून दुसरं काही बोलल्याचं मी कधी ऐकलं नाही. त्याची गरज नव्हती, हे मला लग्न झाल्यावर कळलं.

मी पाचवीत होते तेव्हा मायला कावीळ झाली आणि ती गेली. आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात हे मला माहीत नव्हतं. तोवर घरातलं मरण मी पाहिलं नव्हतं. तिला अंघोळ घातली, भिंतीशी मांडी घालून बसवलं, कपाळभर विभूती लावली, तळहातावर तिचं लिंग ठेवलं. मी दारातून बघितलं आणि मला वाटलं, माय जेवायला बसली. सगळ्यांचं झाल्यावर, तव्यावरची शेवटची भाकरी घेऊन बसणारी बाई त्या दिवशी सगळ्यांच्या आधी बसली होती, आणि तीसुद्धा कुणी न बोलावता. मी आत्याला तसं म्हणाले. राणीसावरगावहून आलेली ती तुमची दांडगी बहीण, जिच्या आवाजानं म्हशी थांबायच्या, ती तोंडात पदर कोंबून बाहेर निघून गेली.

आत्या होती तोवर चाललं. तिची हाक म्हणजे सगळ्या गल्लीला आमंत्रण. "चला रं जेवायला, का तोंडात घालू?" पण तिचंही घर होतं, जनावरं होती, ती परत गेली. ती गेल्यावरची पहिली संध्याकाळ तुम्हाला आठवते का? तुम्ही पिठलं केलं होतं, मी भाकरी थापल्या होत्या. एकीचाही आकार दुसरीशी जुळत नव्हता, पण भाजल्या होत्या. ताटं मांडली. तुम्ही पुढं दुकानात जाऊन बसलात, मी चुलीपुढं बसले. आणि बसूनच राहिलो. तुम्ही हाकेची वाट बघत होता, मीही बघत होते. कुणाची, ते दोघांनाही ठाऊक होतं. पिठल्यावर साय धरली. तुम्ही आत आलात, झाकलेली ताटं पाहिलीत, म्हणालात, "मला भूक न्हाई." मी म्हणाले, "मला बी न्हाई." बापलेकीनं एकमेकांना इतकं खोटं त्यानंतर कधी सांगितलं नाही.

मग आपण चोरासारखे खाऊ लागलो. मी शाळेत जाताना उभ्याउभ्या अर्धी भाकरी दुमडून घ्यायची. तुम्ही दुकानातच शेंगदाणे आणि गूळ तोंडात टाकायचात. तुमच्या सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली. एका दुपारी तुम्ही प्रयत्न केलात, ते मी पाहिलं होतं. मधल्या दारात उभे राहिलात, मला बोलवायला तोंड उघडलंत, "प्रसा" एवढंच आलं, आणि तुम्ही वळून भिंतीकडे तोंड केलंत. भिंतीवर काहीच नव्हतं, अप्पा, नुसता चुना होता. तुम्ही बराच वेळ त्या चुन्याकडे बघत होता. त्यानंतर तो शब्द तुम्ही उच्चारला नाहीत.

इंग्रजी तेव्हा पाचवीपासून असायचं. एबीसीडी संपवून आम्ही छोट्या वाक्यांना लागलो होतो, आणि सर छडीनं फळ्यावर एकेक शब्द ठोकत वाक्य म्हणून घ्यायचे. त्या दिवशी छडीखाली आलं, 'डिनर इज रेडी'. सगळा वर्ग ओरडला. मी हात वर करून विचारलं, "सर, डिनर म्हंजे?" सर म्हणाले, "जेवण. जेवायला बोलवायचं असलं की असं म्हणायचं. बसा." बाकीच्या पोरांनी ते वाक्य तिथंच सोडलं. मी मात्र ते घरापर्यंत तोंडात धरून आणलं, वाटेत कुणाशी बोलले नाही, सांडेल म्हणून. मला इंग्रजीचं कौतुक नव्हतं. मला एवढंच कळलं होतं की जेवायला बोलवायची आणखी एक हाक जगात आहे आणि ती मायनं कधीही मारलेली नाही.

संध्याकाळी वरण केलं होतं तुम्ही. मी ताटं मांडली आणि मधल्या दारात, तिच्या जागेवर, जाऊन उभी राहिले. तुम्ही कुणाला तरी गूळ जोखून देत होता. मी म्हणाले, "अप्पा, डिनर इज रेडी." तुमच्या हातातला तराजू तसाच राहिला. "काय म्हन्लीस?"

"डिनर. इंग्रजी हाय. सरांनी शिकविलंय. जेवायला बोलवायचं असलं की म्हणतेत."

"पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हणाले. तुम्ही गूळ बांधून दिलात, दुकानाच्या फळ्या लावल्यात, हातपाय धुतलेत, आणि आत्या परत गेल्यानंतर पहिल्यांदा माझ्यासमोर पाटावर बसलात. मी वाढलं. आपण दोघं रडलो नाही. वरणात मीठ नव्हतं, तरी दोघांनी ताट संपवलं. जेवण झाल्यावर तुम्ही ताटात पाणी घातलंत, बोटांनी ताट धुतलंत आणि ते पाणी पिऊन टाकलंत. प्रसादाचा कण वाया घालवायचा नाही, म्हणून तुम्ही पूर्वी रोज करायचात, आणि माय गेल्यापासून सोडलं होतंत. मी पाचवीतली पोर, मला त्यातलं फार समजलं नाही. पण आता आपण उपाशी राहणार नाही एवढं मला त्या रात्री नक्की वाटलं आणि मी गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेणी घालत होते तर चुलीपुढून तुमचा आवाज, "डिनर!" शिळ्या भाकरीचा काला होता. दुपारी शाळेतून आले तर "डिनर!" संध्याकाळी "डिनर!" 'इज रेडी' तुम्ही पहिल्याच दिवशी गाळून टाकलंत, म्हणालात, "ती शेपूट कशाला? हाकंला शेपूट नसती." गल्लीला नवीन करमणूक मिळाली. भल्या सकाळी पोरं दुकानात येऊन विचारायची, "शेटजी, डिनर झाला का?" आणि तुम्ही अगदी गंभीरपणे सांगायचात, "झाला बाबा. तुझा?"

सातवीत मला खरा अर्थ कळला. सकाळचा ब्रेकफास्ट, दुपारचा लंच, रात्रीचा डिनर. शहाणपण नवीन होतं, अंगात मावत नव्हतं. मी घरी येऊन तुम्हाला समोर बसवून शिकवायला लागले, अगदी सरांसारखी छडी घेऊन. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग पहिल्यांदा आणि शेवटचं मला इतकं कडक बोललात. "तीन वेळंला तीन शब्द इंग्रजांपाशी असतील. त्यांच्या घरी माणसं लय असतील. आपल्या घरात एकच हाक व्हती, आन् एकच ऱ्हाईल. ठिव ती छडी." मी छडी ठेवली. पुढं परीक्षेत तीनही शब्द बरोबर लिहिले, आणि घरी एकच चालू ठेवला.

दहावी पास झाले तेव्हा तुम्ही जिंतूरहून जाडजूड डिक्शनरी आणलीत. हातात देताना म्हणालात, "ह्यात तुझ्या डिनरचं काय लिव्हलंय बघून सांग." मी पान काढून वाचलं, दिवसातलं मुख्य जेवण, मग ते दुपारचं असो नाहीतर रात्रीचं. तुम्ही मिशीत हसलात. "मग? म्या काय म्हन्लो व्हतो?" डिक्शनरीसुद्धा तुमच्या बाजूनं निघाली, आता तुमच्याशी कोण वाद घालणार!

मला बघायला गंगाखेडचे पाहुणे आले तेव्हाही तुम्ही तेच केलंत. पोहे झाले, आणि ऐन सकाळी, सगळ्या बैठकीसमोर, "डिनर!" एक काका खो खो हसले. नवरा मुलगा हसला नाही. त्यानं मला नंतर विचारलं, "तुमच्यात सगळ्याच वेळेला डिनर म्हणतात का?" मी सगळं सांगून टाकलं. मायचं, भिंतीचं, वरणात मीठ नसल्याचं. तो ऐकत राहिला, आणि मी तिथंच हो म्हणायचं ठरवलं. लग्नात पंगत बसली, वाढून झालं, आता यजमानानं हात जोडून प्रसादाला सुरुवात करायची विनंती करायची. सगळे तुमच्याकडे बघत होते. तुम्ही हात जोडलेत आणि लग्न लावायला आलेल्या स्वामींना हळूच म्हणालात, "तुमी सांगा." इतक्या वर्षांनीही तो शब्द तुमच्यानं होत नाही, असं मला वाटलं. मी शालू नेसून उभी होते आणि मला तुमची कीव आली.

माझं चुकलं होतं ते मला परभणीच्या दवाखान्यात समजलं. तुम्ही सुकत चालला होता. खायला नको म्हणायचात, नर्सला नको, तुमच्या जावयाला नको. मी पेजेचा वाडगा घेऊन उशाशी जायची, म्हणायची, "अप्पा, डिनर", आणि तुमचे डोळे उघडायचे, तोंडही उघडायचं. वॉर्डात सगळ्यांना गंमत वाटायची. मला अभिमान वाटायचा. माझ्या हाकेत अजून जोर आहे, ह्या माणसाला मी एका शब्दावर धरून ठेवलंय असं वाटायचं. शेवटच्या त्या संध्याकाळी मी तसंच म्हणाले. तुम्ही डोळे उघडलेत, पण माझ्याकडे बघितलं नाहीत. दाराकडे बघितलंत.

"जरा थांब," म्हणालात. "तुझी माय हाक मारायलीय."

मी वाडगा खाली ठेवला. विचारलं, "काय म्हणायलीय, अप्पा?"

आणि तुम्ही म्हणालात. सगळंच्या सगळं. "प्रसाद वाढलाय, या वो." आवाज तुमचा चिरका झाला होता, पण 'वो' तिचाच होता, जरासा वर उचललेला आणि तिथंच सोडलेला. मग माझा हात धरून, लहान पोर आईला विचारतं तसं विचारलंत, "जाऊ का? इजाजत हाय का?"

तो शब्द तुमच्यानं होत नव्हता असं नव्हतंच, अप्पा. तुम्ही तो जपून ठेवला होता. तिचा होता, तिच्यासाठीच ठेवला होता, दुसऱ्या कुणाला त्यावर बोलवायचं नव्हतं, मलासुद्धा नाही. मी तुम्हाला नवा शब्द आणून दिला म्हणून जुना पुसला गेला असं मी समजत होते. मी म्हणाले, "आधी एवढा घोट घ्या." तुम्ही माझं मन राखायला एक चमचा घेतलात. इजाजत मी दिली नाही. तुम्ही तिची वाटही बघितली नाहीत. उजाडायच्या आत गेलात.

मला तुमचा राग आला. अजून येतो, लिहिताना आत्ता येतोय. तिनं एकदा बोलावलं आणि तुम्ही निघालात. मी वर्षानुवर्षं बोलावत होते त्याचं काय? तुम्हालाही भिंतीशी बसवलं, मांडी घालून, तळहातावर लिंग ठेवून. सगळ्या बायका रडत होत्या आणि मी तुमच्या मांडीकडे बघत मनात म्हणत होते, बसले, बोलावणं आल्यावर बसले, आता तिच्या हातचं गरम मिळेल. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझा जळफळाट झाला, आणि आपलं आता कुणीच उरलं नाही असं वाटून मी इतक्या मोठ्यानं रडले की आत्याचा आवाजही झाकला गेला.

तुम्ही तिच्या हाकेला गेलात आणि माझा शब्द माझ्यापाशीच टाकून गेलात. तो मी आणला होता तेव्हा त्यात कुणीच नव्हतं, म्हणून तर आपल्याला बोलता आला. आता त्यात तुम्ही आहात, आणि तो शब्द जिकडं तिकडं आहे. पुस्तकात आहे, लग्नाच्या पत्रिकेत आहे, धाब्याच्या पाटीवर आहे. दरवर्षी तो धडा येतो आणि मी फळ्याकडे तोंड करून शिकवते. घरात मी कुणालाच हाक मारत नाही. मायचा शब्द माझा नाही, तुमचा शब्द घशातून निघत नाही. मग मी वाढून झालं की पातेल्यावर पळी वाजवते. तुमचे जावई म्हणतात, "आली, देवळाची घंटा आली." तुमच्या नातीला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं. मैत्रिणीकडं जेवायला गेली तर पळी वाजेना म्हणून बसेना. बघा, मायचा कायदा कुठपर्यंत आला.

हे पत्र कुठं टाकू? बोरीच्या दुकानाच्या जागी आता मोबाईल दुरुस्तीवाला आहे, तो काय करील याचं? घडी घालून तुमच्या डिक्शनरीत ठेवीन, ती अजून आहे. त्याआधी एक सांगायचं राहिलं. पोरगी पुण्याला गेल्यापासून रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. तिथल्या पोरींसारखी ती विचारते, "आई, डिनर झालं का?" तिला काही ठाऊक नाही, मी तिला कधी सांगितलं नाही. मी म्हणते, "हो, झालं." तुमच्या जावयांची गोळी असते, ते आधी जेवून घेतात. माझी भाकरी झाकलेली असते. फोन ठेवते, "आले" म्हणते, आणि मग ताट घेते. कुणी बोलावल्याशिवाय मला अजून बसता येत नाही, अप्पा.